स्वतःच्या जबाबदारीवर

तुम्ही बाजेवर आडवे आहात. डाव्या मांडीला मधेच एक वाक आला आहे, जिथं वाक असायला नको तिथं. साल 1935, गाव आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी, राज्य निजामाचं. कडब्याची गाडी उलटली, तुम्ही तिच्याखाली सापडलात, चौघांनी घोंगडीत घालून घरी आणलं. आई डोक्याशी बसून पदरानं वारा घालते आहे. ओसरीवर जमलेली माणसं एकमेकांना एकच विचारतायत, हाडवैद्याला सांगावा गेला का?

दवाखान्याचं नाव कोणी काढत नाही. हिंगोलीहून पूर्णेला 1912 पासून रेल्वे आहे. तिथून गाड्या बदलत हैदराबाद गाठता येतं आणि मुसी नदीच्या काठावर उस्मानिया नावाचा भला मोठा दवाखाना आहे, हे एखाद्या कारकुनाला ऐकून माहीत असेल. पण तुम्हाला बाजेवरून बैलगाडीत घालायचं म्हटलं तरी तुम्ही बेशुद्ध पडाल.

हाडवैद्य संध्याकाळी येतो. तो आधी तुमच्या वडिलांचं नाव विचारतो, मग आजोबांचं. मांडीवरून हात फिरवता फिरवता तो तुमच्या शेतातल्या विहिरीविषयी बोलत राहतो आणि बोलता बोलता पाय ओढतो. तुमची किंकाळी वेशीपर्यंत जाते. मग हळदीचा लेप, त्यावर फडकं, त्यावर बांबूच्या कामट्या, वरून दोरी. पायलीभर ज्वारी आणि नारळ घेऊन तो जातो, आणि आठ दिवसांनी पट्टी बघायला परत येतो. न बोलावता येतो.

कातडीला ओरखडाही नसताना मांडीच्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. पहिली रात्र तुम्ही काढलीत, ती या रक्ताशी झुंजत काढलीत. तिकडं जगाला याचा एक उपाय सापडून बरीच वर्षं झाली होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानं जखमींच्या मांडीला थॉमस स्प्लिंट नावाची लोखंडी चौकट लावायला सुरुवात केली आणि या एका हाडापायी मरणाऱ्यांची संख्या झपाट्यानं उतरली. ती चौकट तुमच्या ओसरीपर्यंत आलेली नाही.

तुम्ही जगता. तीन महिन्यांनी उठता, तेव्हा डावा पाय तीन बोटं आखूड झालेला असतो. गाव तुम्हाला पुढं त्याच नावानं ओळखतं. दवाखाना सोडून जाण्याचा प्रश्न तुमच्या आयुष्यात आलाच नाही, कारण सोडायला दवाखाना नव्हता. तरी त्या दिवसांत तुम्ही एक गोष्ट पाहून ठेवलीत: औषधपाणी म्हणजे घरी येणारा, नाव विचारणारा आणि परत येणारा माणूस. पुढच्या पिढ्यांनी दवाखाना जोखला तो याच मापानं.

आता 1973. तुम्ही त्याच घरातले नातू आहात. निजाम गेला, मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि सलग पाऊस हुकून 1972 चा दुष्काळ पडला. जमीन घरची आहे, पण तिच्यात ढेकळांशिवाय काही नाही. म्हणून तुम्ही आणि तुमची बायको दुष्काळी कामावर खडी फोडता, माती उपसता. रेशनवर मिलो मिळतो, लेकरांना सुकडी मिळते. मस्टरवर हजेरी लागली तर आठवड्याला पैसे, नाही लागली तर नाहीत.

मार्च महिन्यात बांधाची दरड कोसळते आणि तुमची मांडी मोडते. या वेळी मात्र रस्ता आहे आणि ट्रकही. संध्याकाळपर्यंत तुम्ही नांदेडच्या सरकारी दवाखान्यात पोचता. डॉक्टर तरुण आहे, चांगला आहे. गुडघ्याखाली आरपार एक सळई घालतात, तिला दोरी, दोरीला चाक, चाकावरून खाली वजन. पाय उचलून चौकटीवर ठेवलेला. आता या वजनानं हाड जागेवर ओढून धरायचं आणि निसर्गाला सांधा धरू द्यायचा. डॉक्टर सांगतो, तीन महिने.

तीन महिने हा शब्द तुम्ही ऐकता, आणि पलंगाच्या कडेला जमिनीवर बसलेली तुमची बायकोही ऐकते. तिच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. तुमची हजेरी गेली. तुमच्या उशाशी माणूस पाहिजे म्हणून तिचीही गेली. दोन लेकरं आत्याबाईंकडं गावात, आणि आत्याबाई स्वतः कामावर. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा आधार आहे, तिथं कोणालाही जेवायला मिळतं, म्हणून पोटाचा प्रश्न दिवसा एकदा तरी सुटतो. रात्री ती दोन पलंगांच्या मधल्या फरशीवर झोपते.

एप्रिल जातो. पाठीला फोड येतात. शेजारच्या खाटेवरचे रुग्ण बदलत राहतात, तुम्ही तिथंच. मे संपतो आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा वास बदलतो. रोहिण्या बरसतात. तुम्ही पडल्या पडल्या सगळं ओळखता. 7 जूनला मृग निघतो. दोन वर्षं रान कोरडं राहिलंय, या वर्षी वाफशावर पेरलं नाही तर तिसरं वर्षही हातचं जाईल. तुमचा धाकटा भाऊ येतो, पायाशी उभा राहतो.

“दादा, पाऊस झाला. वाफसा आलाय. तिफन धरायला माणूस न्हाई.”

डॉक्टर म्हणतो, “अजून तीन आठवडे. सांधा कच्चा आहे. आत्ता वजन काढलं तर हाड घसरेल.”

तो खरं बोलतोय हे तुम्हाला कळतं. तुमचा भाऊही खरं बोलतोय. पण तीन आठवड्यांनी पेरणी होत नाही. तुम्ही शिक्क्याच्या शाईवर अंगठा टेकवता, कागदावर उमटवता. सळई काढतात, जखमेवर पट्टी बांधतात, एसटीच्या मागच्या बाकावर तुम्हाला आडवं घालतात. वारंग्याच्या पुढं रस्ता खराब आहे. प्रत्येक खड्ड्यात तो कच्चा सांधा काय भोगतो ते तुम्ही जन्मभर विसरत नाही.

त्या वर्षी पीक येतं. तुमचा पाय आजोबांसारखाच आखूड होतो.

कोणी याला अडाणीपणा म्हटलं तर मला ते मान्य नाही. तुम्ही पाय आणि पीक समोरासमोर ठेवून निवड केलीत आणि ती निवड तुमच्यावर लादलेली होती. अंगठा घेणाऱ्या कागदावर मात्र यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यावर एवढंच होतं की रुग्ण स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे.

ही गोष्ट सरकारला समजायला वेळ लागला, पण एका ठिकाणी ती समजली. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद आली की कामावर जखमी झालेल्या मजुराला मोफत उपचार द्यायचे आणि त्याला दवाखान्यात राहावं लागलं तर मजुरीच्या निम्म्याहून कमी नाही इतका रोजचा भत्ता द्यायचा. बुडालेली मजुरी हा उपचाराचाच खर्च आहे, हे त्या कलमानं मान्य केलं. ते फक्त हमीच्या कामावर जखमी झालेल्यांसाठी. शेतातल्या, रस्त्यावरच्या, वीटभट्टीवरच्या जखमीला ते लागू नव्हतं.

त्याच 2005 च्या जानेवारीत या. आता तुम्ही बाई आहात, बाळापूरच्या आसपासच्या एका तांड्यावरची. दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आलात. तुम्ही दोघं मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती हंगामभर फेडायची. पहाटे मोळ्या भरताना ट्रॉलीवरून तुमचा पाय निसटतो, खाली पडता, वरून मोळी येते. मांडी.

तालुक्याच्या गावी दवाखान्यात फोटो काढतात. हाडाचे दोन तुकडे स्पष्ट दिसतात. आता सळई बाहेरून घालून महिनोनमहिने लोंबकळायची गरज उरलेली नाही. आतून रॉड टाकतात. जर्मनीत कुंट्शर नावाच्या सर्जननं 1939 च्या सुमाराला हाडाच्या पोकळीतून रॉड घालायची पद्धत आणली आणि ती सुधारत सुधारत आपल्याकडं आली. ऑपरेशन झालं की काही दिवसांत माणूस कुबड्यांवर उभा राहतो. तीन महिन्यांचे आठ-पंधरा दिवस झाले. विज्ञानानं आपलं काम चोख केलं.

पण कोयता मोडला आहे. तुमच्याविना नवरा एकटा तोडू शकत नाही. तुमच्या उशाशी बसला तर दोघांचाही खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत वाढतो. कोपीवर दीड वर्षाची पोर आहे, तिला सात वर्षांची बहीण सांभाळते. मुकादम दुसऱ्या दिवशी येतो, दारातच थांबतो. तुमच्याशी तो बोलत नाही.

नवरा बाहेर जाऊन येतो आणि म्हणतो, “गावाकडं नेतो. तिकडं बांधून घेऊ.”

तुम्ही शुद्धीवर आहात. तुम्हाला सगळं ऐकू येतंय. ऑपरेशन करून घ्यावं असं तुम्हाला मनातून वाटतंय, कारण सासऱ्याचा लंगडा पाय तुम्ही रोज पाहिला आहे. सिस्टर कागद आणते, नवऱ्यापुढं धरते, तो सही करतो. तुम्हाला कोणी विचारत नाही.

तीन वर्षांनी, 16 जानेवारी 2008 ला, सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या उपचारांना संमती द्यायची ती त्यानं स्वतः, दुसऱ्या कोणी त्याच्या वतीनं नाही. तो खटला शस्त्रक्रियेच्या संमतीचा होता. माझ्या मते उपचार नाकारण्यालाही तोच न्याय लागतो. आजही वॉर्डात उभं राहून पाहा, शुद्धीवरच्या बाईला घरी नेण्याच्या कागदावर सही कोणाची असते ते. बाई पडली की घरातली चूल, धार, लेकरं, म्हातारी माणसं सगळी एकदम उघडी पडतात, म्हणून तिला लवकर घरी न्यायची घाई होते. आणि घरी नेल्यावर तिला विश्रांती मिळत नाही, काम मिळतं.

पुढं या, 2016 च्या ऑगस्टमध्ये. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाल्याला सतरा वर्षं झाली. इसापूर धरणाच्या पाण्यानं कालव्याखालची रानं हिरवी झाली आहेत, ऊस आहे, केळी आहे, हळद आहे. बाळापूरवरून जाणाऱ्या हिंगोली-नांदेड रस्त्यावर ट्रकांची रीघ आहे आणि प्रत्येक घरी मोटारसायकल. या खेपेला जखमी तुम्ही नाही, तुमचा थोरला भाऊ आहे. वारंगा फाट्याजवळ रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता.

कोणीतरी 108 लावला. 2014 पासून ही गाडी आहे आणि ती आली, हे आधी कबूल करायला हवं. बाळापूरच्या ग्रामीण रुग्णालयात सलाईन लागली, पायाला आधार बांधला आणि नांदेडला रेफर केलं. आता सरकारी मेडिकल कॉलेज शहराबाहेर विष्णुपुरीला आहे. इमारत मोठी, खाटा जास्त, यंत्रं नवी. लंगर मात्र लांब राहिला. पैशाचीही तरतूद आहे: राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं, आणि 2013 च्या नोव्हेंबरात हिंगोलीसह सगळा महाराष्ट्र तिच्यात आला. दीड लाखापर्यंतचा खर्च योजनेतून. योजनेचा आरोग्यमित्र रेशनकार्ड मागतो. रेशनकार्ड घरी, ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली भावाच्या खिशात, जो खिसा आता पोलिसांच्या पंचनाम्यातल्या पँटला आहे. तेही सुटतं. ऑपरेशनचा नंबर पाचव्या दिवशी लागणार असं कळतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाचे हात थरथरायला लागतात. तिसऱ्या रात्री तो उठून बसतो, भिंतीवर किडे चालतायत म्हणतो, सलाईन उपसतो, मोडका पाय खाली टाकायला बघतो. तुम्ही आणि मेहुणा मिळून त्याला धरता. सबंध वॉर्ड जागा होतो. सकाळी तुमची आई म्हणते, “लेकरू चांगलं बोलत होतं रे. हितल्या सुयांनी डोकं फिरलं त्याचं. चला, घेऊन चला.”

तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे जी तुम्ही डॉक्टरला सांगितलेली नाही. भाऊ रोज पितो. सकाळपासून पितो. अपघाताच्या केसमध्ये दारूचं नाव आलं तर विमा जाईल, पोलीस गुंतवतील, पाव्हण्यांत नाक जाईल, म्हणून पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा तुम्ही “कधीतरी” म्हणालात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत असं होतं. त्यावर औषध आहे, व्हिटॅमिनचं इंजेक्शन आहे, वॉर्डात ठेवून सांभाळता येतं, आणि न सांभाळलं तर जीव जाऊ शकतो. घरी नेल्यावर काय होईल? कोणीतरी दयेनं अर्धी क्वार्टर आणून देईल, थरथर थांबेल, आणि घरच्यांची खात्री पटेल की दवाखान्यातच काहीतरी बिघडलं होतं.

तुमचं हे एक वाक्य, “साहेब, तो रोज पितो,” भावाचा पाय वाचवू शकतं. मी हा थांबा एवढ्यासाठी लांबवला. अपघातात सापडलेल्या पुरुषांपैकी किती जण असे तिसऱ्या दिवशी वॉर्डातून उठून गेले असतील याचा विचार केला की जीव कासावीस होतो. यात पैसा आडवा आला नाही, पेरणीही नाही. आडवी आली ती लाज.

आणि तिथंच, पलीकडच्या खाटेवर पाहा. विशीतला मुलगा, डोक्याला चार टाके, बसून मोबाईल बघतोय. त्याचे मामा डॉक्टरशी भांडतायत. “पोरगं जेवलं, बोलायलंय, कामून ठेवता? बिल वाढवायला?” इथं बिल वाढवून कोणाला काही मिळत नाही, पण ही शंका माणूस आधीच्या कुठल्यातरी दवाखान्यातून घेऊन आलेला असतो आणि ती उगाच आलेली नसते. डॉक्टरला भीती वेगळी आहे. डोक्याच्या हाडाखाली रक्तवाहिनी फुटली तर रक्त हळूहळू साचतं. मधले काही तास माणूस अगदी ठणठणीत वाटतो, बोलतो, चहा पितो, आणि मग अचानक झोपाळतो, उलटी करतो, कोसळतो. या तासांतच तो घरच्यांना बरा दिसतो आणि या तासांतच त्याला सर्वांत जास्त दवाखाना लागतो. हे डॉक्टरनं सांगितलं होतं. इंग्रजी शब्द घालून, चालता चालता, तीस सेकंदांत सांगितलं होतं. मामांना ते समजलं नाही, आणि समजलं का हे त्यांना कोणी विचारलं नाही.

शेवटचा थांबा आजचा. या वेळी तुम्ही टेबलाच्या पलीकडं आहात. रात्रीचे अडीच, तुम्ही पंचवीस-सव्वीस वर्षांचे निवासी डॉक्टर, काल सकाळपासून जागे. ट्रकनं उडवलेला एक माणूस व्हेंटिलेटरवर आहे आणि तो वाचणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचा मुलगा दहा-बारा जणांसह येतो, बाकीचे मागं राहतात.

“साहेब, खरं सांगा. चान्स आहे का?”

तुम्ही मान हलवता.

“मग आम्ही घेऊन जातो. घरी जाऊ द्या त्यांना. म्हातारी वाट बघायलीय.”

तुम्ही नियमाप्रमाणे सांगता की इथून हलवलं तर वाटेत काहीही होऊ शकतं. तो ऐकून घेतो. अपघाताची केस आहे, इथं प्राण गेला तर शवविच्छेदन होणार हे त्याला माहीत आहे. मेलेल्या माणसाला पन्नास किलोमीटर न्यायला गाडीवाला किती सांगतो हेही त्यानं खाली विचारून ठेवलंय. आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे: बापाच्या तोंडात शेवटचं पाणी आईच्या हातचं पडावं. तुम्ही कागद पुढं सरकवता. रुग्णाच्या जिवाला धोका आहे हे मला माझ्या भाषेत समजावून सांगितले आहे, पुढील परिणामांस मी जबाबदार. तो सही करतो. रजिस्टरमध्ये तुम्ही चार इंग्रजी अक्षरांचा तोच शेरा मारता जो दुपारी दुसऱ्या एका नावापुढं मारला होता: डामा, म्हणजे डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाइस, डॉक्टरचा सल्ला न मानता गेलेला.

दुपारचा माणूस कोण होता? मांडी मोडलेला सोयाबीनवाला. काढणी सुरू झाली आहे, आभाळ भरलंय, मळणीयंत्राचा नंबर उद्याचा. तो वाचणार होता आणि त्याचा पाय सरळ होणार होता.

तुमच्या रजिस्टरात हे दोघं एकच आहेत. पेरणीसाठी गेलेला 1973 चा शेतकरी, खाड्याच्या भीतीनं नेलेली बाई, दारू तुटलेला भाऊ, बरा दिसणारा पोरगा आणि मरणासाठी घरी निघालेला बाप, या सगळ्यांना एक शेरा आणि एक कागद. त्या कागदावर कारणाची ओळच नाही. म्हणून वर्षाच्या शेवटी बेरीज होते तेव्हा एवढंच कळतं की इतके लोक सल्ला न मानता गेले. 2013 ते 2015 या काळात मुंबईच्या केईएम आणि सायनसह दिल्ली-कोलकात्याच्या मोठ्या दवाखान्यांतल्या सुमारे 16 हजार जखमींच्या नोंदी टिटको नावाच्या अभ्यासासाठी ठेवल्या गेल्या. आपल्या जखमींचं काय होतं हे जाणायला असं शिस्तीचं काम लागतं. बाळापूर-कळमनुरीच्या जखमीची अशी दखल अजून घ्यायची आहे, आणि त्याची सुरुवात त्या एका ओळीनं होऊ शकते.

घरी जाणं हा रुग्णाचा हक्क आहे. तो कोणी काढून घेऊ नये. बिलासाठीही कोणी रुग्णाला अडवून ठेवू नये. माझा आग्रह सहीच्या आधीच्या दहा मिनिटांसाठी आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं. डामाचा कागद पुढं येण्याआधी त्या माणसानं खाटेजवळ येऊन, बसून, रुग्णालाच विचारावं: काय अडलंय? कधीकधी अडलेलं फार छोटं असतं. एक दाखला, एक फोन, दोन वेळचं जेवण, ऑपरेशनचा नक्की दिवस. काढणीच असेल तर चार दिवसांनी परत येण्याचा दिवस ठरवून, पायाला नीट आधार बांधून, गोळ्या देऊन पाठवता येतं. 1935 चा हाडवैद्य पट्टी बघायला न बोलावता परत यायचा. पट्टी करकचून बांधून हात-पाय काळे पडल्याच्या, कापावे लागल्याच्या कहाण्या असूनही लोक आजही त्याच्याकडं जातात, आंध्रात पुत्तूरला तर गाड्या भरभरून जातात, ते त्याच्या या वागण्यामुळंही जातात.

आणि पैसा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. महात्मा फुले योजना आता पाच लाखांपर्यंत आणि सर्वांसाठी आहे. रस्ता अपघातातल्या जखमीसाठी केंद्राची 2025 ची योजना पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचा खर्च उचलते. हाडावर होणारा खर्च बऱ्याच अंशी उचलला गेला आहे. उशाशी बसलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च कोणीच उचललेला नाही. शेतकऱ्याचा एक पाय अपघातात कायमचा निकामी झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून 1 लाख रुपये मिळतात. तोच पाय वाचवायला तो दहा दिवस दवाखान्यात राहिला तर त्या दहा दिवसांचा रोज त्याला कोणी देत नाही. रोजगार हमीत जे कलम एकदा लिहिलं गेलं, निम्मी मजुरी, ते प्रत्येक जखमीला आणि त्याच्या सोबतच्या एका माणसाला लावावं. एका जखमीपुरता हिशेब केला तर पाय गेल्यावर लाख देण्यापेक्षा ते सरकारला स्वस्तच पडेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या घरात, गल्लीत, तांड्यावर कोणी सही देऊन जखमीला आणलं असेल तर त्याला दोष देत बसू नका. फोटो, डिस्चार्ज कार्ड आणि सगळे कागद दवाखान्यातून मागून घ्या, ते किंवा त्यांच्या प्रती मिळणं हा तुमचा हक्क आहे. जखमी सारखा झोपाळू लागला, उलट्या झाल्या, बांधलेल्या पायाची बोटं गार किंवा काळी पडली, श्वास लागला, ताप चढला, तर 108 लावा आणि परत न्या. सही केली आहे म्हणून आता घेणार नाहीत ही समजूत चुकीची आहे. 1989 च्या परमानंद कटारा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं, सरकारी असो की खासगी, पहिलं कर्तव्य आहे. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यालाही हा निकाल लागू आहे.